बैठकीतली आफ्रिका

बीदर शहरात आफ्रिका पहिल्यांदा मी आणली. ती आमच्या बैठकीच्या खोलीत चार दिवस राहिली आणि पाचव्या दिवशी दुपारी एका शेळीने तिचा काही भाग खाल्ला. (यातलं 'पहिल्यांदा' धादांत खोटं आहे, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. खरं काय ते याकूबचाचा सांगतील, त्यांना येऊ द्या.)

पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. निझामाचं राज्य जाऊन नवं सरकार आलं होतं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलत होत्या आणि आता काहीही होऊ शकतं असं सगळ्यांनाच वाटत होतं. मला जरा जास्तच वाटत होतं. मी वीस वर्षांचा होतो. हैदराबादेत इंटरला दोनदा नापास होऊन नुकताच घरी परतलो होतो, आणि येताना डिग्रीच्या ऐवजी अभिरुची घेऊन आलो होतो. अभिरुची म्हणजे काय, तर घरातली कुठलीही वस्तू जिथे आहे तिथे ती नसावी असं मला वाटायचं. आमचे आप्पा तुरीचे व्यापारी. त्यांना वाटायचं, मी जिथे आहे तिथे मी नसावं.

माझी थोरली बहीण गौराक्का. तिला बावीस पुरी झाली होती. त्या काळी बावीस म्हणजे शेजारच्या बायका तिच्याविषयी बोलताना आवाज खाली आणत. दोन स्थळं जुळता जुळता मोडली होती. एक त्या ॲक्शनच्या धामधुमीत, आणि दुसरं मुलाच्या आजीला पडलेल्या स्वप्नात. अक्का याबद्दल कधी काही बोलली नाही. भाकऱ्या मात्र फार जोरात थापायची.

अशात आळंदहून बसप्पामामा आले, म्हणजे आमच्या अव्वाचे, आईचे, धाकटे भाऊ. त्यांनी पायातलं पायताण काढायच्या आतच सांगून टाकलं की स्थळ आणलंय. मुलगा आळंदचा, आपल्यातलाच, लिंगायत, नाव विरूपाक्ष, नैरोबीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर.

"नैरोबी कुठं आलं, हुमनाबादच्या पुढं का?" अव्वाने विचारलं.

मामा म्हणाले, "थोडं पुढं. आफ्रिकेत."

अव्वा मटकन खाली बसली. मामांनी तिला तिथल्या तिथे दम दिला, कारण अडचण नेमकी हीच होती. मुलगा सहा वर्षांनी रजेवर आलेला, रजेतला निम्मा वेळ बोटीतच जायचा, आणि या मुक्कामात तीन ठिकाणी मुली पाहून झालेल्या. पहिल्या घरी मुलीची आई रडायला लागली. दुसऱ्या घरी आजोबांनी विचारलं की सिंह दारापर्यंत येतात की आतही येतात. तिसऱ्या घरी खुद्द मुलगीच चक्कर येऊन पोह्यांच्या ताटावर पडली. मुलाने आता ठरवलं होतं की आणखी एक घर बघायचं, नाही जमलं तर एकट्यानेच बोटीत बसायचं.

"तवा एक ध्यानात धरा," मामा म्हणाले, "या घरात आफ्रिकेचं भ्या दिसता कामा न्हाई. येवढुसंबी न्हाई."

त्या रात्री अक्काने माझा शाळेतला फाटका नकाशा काढला आणि बोटांनी मोजलं. बीदर ते मुंबई एक बोट. मुंबई ते आफ्रिकेचं मोंबासा बंदर नऊ बोटं. "येवढंच तर हाय," ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मल्लू, मला जायाचंय."

झालं! जी बहीण कधी मीठसुद्धा मागून घेत नाही, तिने एक अख्खा खंड मागितला होता. आता तिच्या धाकट्या भावाने गप्प बसायचं म्हणजे काय? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "अक्का, तू काळजी करू नको. सगळं माझ्यावर सोड." (तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली ती या क्षणी. आफ्रिकेच्या नावाने ती दिसली नव्हती.)

माझी योजना साधी होती. भ्यायलेलं घर आणि न भ्यायलेलं घर यांत फरक काय? न भ्यायलेल्या घरात आफ्रिका आधीच भिंतीवर असते. हैदराबादेत एका जुन्या इंग्रजी मासिकात मी आफ्रिकेतल्या कुठल्याशा साहेबाच्या दिवाणखान्याचं चित्र पाहिलं होतं. भिंतीवर लाकडी मुखवटे, मधोमध तिरके भाले, खाली पट्ट्यापट्ट्यांचं कातडं, चहाच्या मेजाच्या जागी एक मोठा ढोल. मुलगा दारात पाऊल टाकील आणि त्याला वाटेल, अरे, हे तर आपलंच घर! आप्पांना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "भिंत पाडू नको म्हंजे झालं."

मुखवट्यांना लाकूड कुठून आणायचं? पण आमच्या घरात लाकडाहून सोपी विद्या होती. आमच्याकडच्या बायका रद्दी कागद भिजवून, त्यात वाटलेली मेथी घालून लगदा करतात आणि पालथ्या घागरीवर थापून त्याच्या टोपल्या बनवतात. मेथीमुळे टोपली चिवट होते, कीड लागत नाही, दहा-दहा वर्षं टिकते. अव्वाचा त्यात हात धरणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, टोपलीला दोन डोळे पाडले की मुखवटा! कागदाचाही प्रश्न नव्हता. मी सारं शिक्षण उर्दूतून घेतलं होतं, आणि नव्या सरकारात त्या उर्दूला कुणी विचारत नव्हतं. माझी सगळी पुस्तकं, वह्या आणि दोन वर्षांच्या नापासाचे कागद अव्वाने हौदात भिजवले. तिसऱ्या दिवशी मी शिकलेलं सगळं मेथीत मिसळून उन्हात वाळत पडलं होतं. मला वाटतं, माझ्या शिक्षणाला पहिल्यांदाच काहीतरी आकार आला होता.

आता रंग. इथे मी अशी चूक केली की जी फक्त बीदरचाच माणूस करू शकतो. चांदीच्या नक्षीची बिदरीची भांडी काळीभोर कशाने होतात? किल्ल्यातल्या जुन्या मातीने. हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. किल्ल्याची माती लावली की वस्तू काळी होते, एवढं तत्त्वज्ञान घेऊन मी किल्ल्यात गेलो, पोतंभर माती आणली, नवसागर घालून चुलीवर उकळली आणि मुखवट्यांना चोपडली. मुखवटे काळे झाले नाहीत. चिखलाचे झाले. गल्लीत एक बिदरीचे कारागीर राहत होते, त्यांना जाऊन विचारलं की तुमच्या मातीत काय बिघाड झालाय. त्यांनी हातातली छिन्नी खाली ठेवली आणि फार मायेने सांगितलं की बाळा, त्या मातीने जस्त काळं होतं, पुस्तकं नाही.

मग कंदिलांची काजळी काढली, करडईच्या तेलात खलली आणि ती फासली. वा! काय काळा रंग! थोडा उरला म्हणून बैठकीच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर, मी त्रिकोणांची एक नक्षीदार पट्टीही काढली. करडईचं तेल असं लावलं तर लवकर वाळत नाही, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. अव्वा म्हणते, तिने सांगितली होती.

कातड्याचं नाव काढताच अव्वाने लाटणं उचललं. शिवाशिव करणाऱ्या घरात जनावराचं कातडं? तेव्हा मी आप्पांची काळी घोंगडी घेतली, तिच्यावर चुन्याचे पांढरे पट्टे ओढले आणि साक्षात झेब्रा अंथरला. चुना घोंगडीवर फारसा धरत नाही, हे मला दिसत होतं. पण कलेत थोडं मागंपुढं चालायचंच.

राहिला ढोल. तो याकूबचाचांकडे होता. चाचा आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. निझामाच्या हबशी घोडेस्वारांच्या रिसाल्यातून निवृत्त झालेले, उंचेपुरे, सत्तरीतही ताठ, आणि त्यांच्या मागे मागे फिरणारी त्यांची एक शेळी. पूर्वज आफ्रिकेचे, तेव्हा आमच्या शहरात आफ्रिकेचा जाणकार म्हणून त्यांच्याहून थोर कोण? ढोल द्यायला ते स्वतः आले, तेव्हा मी त्यांना मुखवट्यांसमोर उभं केलं आणि नम्रपणे विचारलं की चाचा, आफ्रिकेसारखं वाटतंय का.

चाचा म्हणाले, "मियाँ, हम वाडी टेशन के आगे कभी गए नै."

मी थक्क! चाचांनी सांगितलं की त्यांचा जन्म हैदराबादचा, वडिलांचा हैदराबादचा, आजोबांचाही. आणि बीदरमध्ये तर हबशी सरदार पाचशे वर्षांपूर्वीच येऊन, राज्यकारभार करून, शहराबाहेर हबशी कोटाच्या टेकडीवर कबरींत झोपलेत. "तू कायकू लाने लगा आफ्रिका? हम तो कबके आ गए," असं म्हणून ते एका मुखवट्याजवळ गेले. वाकडं नाक, बटाट्यासारखे डोळे, आणि हनुवटीवर माझ्या भूमितीच्या वहीतली एक आकृती तेलातूनही दिसत होती.

"ये कौन है?"

"तिकडचे लोक, चाचा."

चाचांनी मुखवट्याकडे पाहिलं. मग कोनाड्यातल्या आरशात स्वतःकडे पाहिलं. परत मुखवट्याकडे पाहिलं. "हमारे खानदान में तो ऐसा कोई नै था," ते म्हणाले आणि पाहुणे येतील त्या दिवशी मीही येऊन बसतो, असं त्यांनी स्वतःहूनच कबूल केलं. मला वाटलं, पाठिंबा द्यायला. आता वाटतं, खानदानाची बाजू मांडायला. शेळी मात्र मुखवटा फार वेळ हुंगत राहिली. मी म्हटलं, चला, एकाला तरी कळलं.

पाहुणे आले ते भर चैत्रातल्या दुपारी. मुलगा, त्याचे वडील आणि आत्याबाई. वडील परीटघडीच्या पांढऱ्या शेरवानीत, आत्याबाई नव्या कोऱ्या इरकली लुगड्यात. शरणु शरणार्थी म्हणून नमस्कार झाले, पाय धुऊन झाले, आणि आप्पांनी त्यांना बैठकीत आणलं.

तिघेही उंबऱ्याशीच थबकले.

खोलीत उजेड कमी असावा म्हणून मी खिडकी गोणपाटाने झाकली होती. त्या अंधारात उकाड्याने तापलेले अकरा मुखवटे तेल गाळत होते. एकाच्या नाकाचा थेंब ढोलावर पडून टप असा आवाज झाला. बसप्पामामा आळंदहून येताना ज्या मारुतीला नारळ बोलले होते, त्याचं नाव पुटपुटायला लागले. आत्याबाई झेब्र्यावर बसल्या. वडील एक निःश्वास टाकून भिंतीला टेकले. मी डोळे मिटून घेतले.

पण असल्या वेळी माझं तोंड थांबलं असतं तर मी इंटर पास झालो असतो. मी त्या मुलाला, जो सहा वर्षं आफ्रिकेत राहून आला होता, आफ्रिका समजावून सांगायला सुरुवात केली. हा मुखवटा राजाचा. हा पावसाचा. हा लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी लावायचा. विरूपाक्षराव सावळे, शांत, हाताला ग्रीसच्या जुन्या खुणा असलेले गृहस्थ. ते प्रत्येक मुखवट्याकडे मान वर करून बघत होते. शेवटी त्यांनी फार अदबीने विचारलं, "हे कुठल्या गावी बघितलाव?"

मी म्हटलं, "तुमच्याकडं नसतात का?"

"आमच्या क्वार्टरात एक कॅलेंडर हाय. अन् एक खुंटी." त्यांनी परत भिंतीकडे पाहिलं. "असले मुखवटे म्या एकदाच पाह्यले. मोठ्या सायबाच्या बंगल्यावर पंखा दुरुस्त कराया गेलतो तवा. माझ्यासंगं तिथलाच एक कामगार व्हता. त्यो म्हणला, हे नाचताना माणसाच्या तोंडावर घालायचं असतंय, सायबानं भिंतीच्या तोंडावर कामून घातलंय?"

चाचा कोपऱ्यातून म्हणाले, "हौ. बराबर." वाडीच्या पुढे न गेलेल्या माणसाने हे इतक्या ठामपणे म्हटलं की सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मग त्यांनीच, हलक्या आवाजात, विरूपाक्षरावांना विचारलं की बाबा, तिकडे आहे तरी कसं?

आणि तो माणूस बोलायला लागला. गोणपाट बाजूला सारून त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. म्हणाला, माझं आजोळ बीदरचं, लहानपणी इथेच उन्हाळे काढले. नैरोबीला गाडीतून उतरलो तर पायाखाली हीच माती, अशीच लाल. हवा अशीच उंचावरची. "येवढा समिंदर वलांडून परत बीदरलाच आलो म्हणून म्या टेशनावर रडलो." आज इथे येताना त्याला वाटलं होतं की आजोळासारखी चुन्याची पांढरी भिंत बघायला मिळेल, आणि टेकायला एक साधी घोंगडी. सहा वर्षं त्याने याचीच वाट बघितली होती.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी आजवर टाळत आलोय.

तेवढ्यात दारातून चाचांची शेळी आत आली. तिला ना पाहुण्यांशी मतलब होता, ना मुलीशी. ती सरळ भिंतीशी गेली, ढोलावर पुढचे दोन पाय ठेवले आणि पावसाचा मुखवटा कानापासून खायला सुरुवात केली. मेथी ती! चार दिवस शेळी बिचारी धीर धरून होती. आम्ही सगळे बघत राहिलो. माझी सातवीची उर्दू गेली. आठवी गेली. चाचा तिला ओढायला उठले, तर तिने मुखवट्यासकट मान फिरवली आणि क्षणभर, देवाशपथ सांगतो, तो तिच्या तोंडावर बरोबर बसला.

नेमकी त्याच क्षणी गौराक्का फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांच्या, म्हणजे सुशीलाच्या, बश्या घेऊन आत आली. मुलगी बघायला आलेल्यांसमोर मुलीने मान खाली घालून यायचं असतं. अक्काची मान खाली होती, म्हणून तिला सगळ्यात आधी शेळीच दिसली.

अक्का हसली. तोंडाला पदर लावून नव्हे. बश्या खाली ठेवून, ढोलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मामांनी उपरणं डोक्यावर घेतलं. अव्वा दाराआड धपकन बसल्याचा आवाज आला. मला कळलं की हे तिसरं स्थळ, आणि हे मी मोडलं. स्वप्नात नव्हे, दिवसाढवळ्या, करडईच्या तेलात.

आत्याबाई काही बोलणार तोच विरूपाक्षरावांनी हात वर केला. त्यांनी सुईत दोरा ओवायला सांगितलं नाही, चालून दाखवायला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "तिकडं येयाचं भ्या वाटत न्हाई?"

अक्काने डोळे पुसले. पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"आफ्रिकेचं न्हाई वाटत," ती म्हणाली. "ह्याच्या हाताखाली इथं ऱ्हायाचं वाटतंय."

आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

विरूपाक्षराव आधी गालात हसले, मग आवाज करून हसले, मग वडील हसले, आणि हसता हसता भिंतीपासून पुढे वाकले. तेव्हा त्यांची पाठ सगळ्यांना दिसली. पांढऱ्या शेरवानीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत त्रिकोणांची सुंदर, ठसठशीत, अजिबात न फिसकटलेली ओळ. आत्याबाई ओरडायला उठल्या, तर त्यांच्या इरकलीवर मागून झेब्रा उमटलेला. बैठकीत मला जे साधलं नव्हतं ते पाहुण्यांच्या अंगावर साधलं होतं.

सुपारी त्याच दिवशी फुटली. तीन आठवड्यांत लग्न, आणि मग बोट. निघताना विरूपाक्षरावांच्या वडिलांनी आप्पांचे दोन्ही हात धरले. मला वाटलं, आता देण्याघेण्याचं निघणार, शेरवानीचं निघणार. आप्पांनाही तेच वाटलं असावं, त्यांचा चेहरा उतरला होता. पण पाहुणे म्हणाले, "काय बी मागायचं न्हाई आमाला. पोरगी सोन्यासारखी हाय. एकच अट. लग्नाच्या मांडवाला तुमच्या पोरानं हात लावायचा न्हाई."

आप्पांनी विचार न करता होकार दिला. मला वाटतं, त्यांनी आयुष्यात इतक्या आनंदाने कुठलीच अट मान्य केली नव्हती.

अक्का गेली, तिकडे रमली. तिचं पहिलं पत्र आलं तेव्हा आम्ही ते चाचांना वाचून दाखवलं, आणि चाचांनी ते परत एकदा वाचायला लावलं. इकडे ती अट मात्र आळंदहून निघून गावोगाव गेली. दोन वर्षांनी माझंच लग्न ठरलं, तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, धंदा विचारला नाही. मला नखशिखान्त न्याहाळून त्यांनी आप्पांना फक्त एवढंच विचारलं, "आफ्रिका केल्ती ते हेच का?"

आप्पा खोटं बोलत नसत. लग्न मुलीच्या दारी झालं. मांडव मोठा सुरेख होता असं म्हणतात. मला अक्षतांच्या वेळेपुरतं आत घेतलं होतं, आणि तेवढा वेळ माझे दोन्ही हात माझ्या बायकोने घट्ट धरून ठेवले होते. प्रेमाने धरलेत, असं मी पुढची दहा वर्षं समजत होतो.